साफ करून भागणार नव्हतं

पहाटे साडेपाच

डोळे नीट उघडायच्या आधी खोकं उघडलं. काल रात्री नाना पेठेतून आलेला नवा कार्बोरेटर त्यात होता, आणि आज तो दौंडला एका मारुती आठशेवर बसवायचा होता. नवी वस्तू खोक्यातून काढून थेट गाडीवर चढवायची नाही, हे वस्तादांनी सांगितलं तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच संशयी आहे. पुढे स्वतःच्या हाताने चार नवे कोरे कार्बोरेटर पुन्हा उतरवावे लागले, तेव्हा पटलं. झाकणाचे स्क्रू बोटांनी फिरतील इतके ढिले निघतात. भोकं पाडताना राहिलेला धातूचा कीस आत तसाच असतो. पॅकिंग तर कधी कधी दुसऱ्याच मॉडेलचं निघतं.

म्हणून स्वयंपाकघरातल्या उजेडात, बायकोची बोलणी खात, तो उलटा धरला आणि पेट्रोल आत येतं त्या नळीत तोंडाने फुंकर मारली. उलटा धरला की फ्लोटच्या भाराने आतली सुई तिच्या जागेवर बसते. हवा अडली म्हणजे सुई बसली. सुलटा करून फुंकलं, हवा गेली. मग थ्रॉटलचा शाफ्ट अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवला. फिरत होता, हलत नव्हता. आजचा सगळा दिवस या दोन क्रियापदांवरच जाणार होता.

झाकणाचे दोन स्क्रू अर्धा फेरा आवळले गेले. बाकी माल चांगला होता. फडक्यात गुंडाळून पुन्हा खोक्यात ठेवला.

साडेसहा

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नगर रस्त्याला लागून माझं दुकान आहे. समोरून रांजणगावच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्यांची रीघ लागलेली असते. त्या गर्दीतूनच दूधवाला स्प्लेंडर ढकलत आला. दोन्ही बाजूंना कॅन, कपाळावर घाम.

"मेस्त्री, कार्बेटर गेला. साफ करून द्या पटकन."

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला काहीही झालं तरी आमच्याकडे कार्बेटरच जातो. ताप आला की पाणी बदललं म्हणायचं, तसं. मी आधी प्लगची टोपी काढली. आतली तार हिरवी पडून नावाला चिकटून राहिली होती. तार कापून नव्या टोपीत बसवली. मग एअर फिल्टर काढून आपटला, तर मूठभर भुसा पडला. गाडी दुसऱ्या किकला लागली. पंधरा मिनिटं आणि टोपीचे पैसे. कार्बोरेटरला मी हात लावला नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलं असावं. जाता जाता म्हणाला, "तरी एकदा साफ केला असता तर बरं झालं असतं."

पोऱ्याला दुकान सोपवलं. टायमिंगच्या कामाला हात लावू नकोस, पंक्चर आणि ऑइल बदली तेवढं कर, असं बजावलं. माझ्या स्वतःच्या गाडीवर हत्यारांची पिशवी बांधली आणि खोकं पोटाशी घेतलं.

आठ

शिरूरहून न्हावरे, पुढे पारगावजवळ भीमेचा पूल, मग केडगाव-चौफुला, तिथून सोलापूर रस्त्याने पाटस आणि डावीकडे दौंड. भीमा ओलांडली की तालुका बदलतो. ऊस मात्र बदलत नाही. गळिताचे दिवस असल्याने रस्ताभर ट्रॉल्या होत्या, आणि केडगावच्या आसपास गुऱ्हाळांचा वास हेल्मेटच्या आत शिरत होता. त्या वासात गाडी चालवताना भूक लागते, असा माझा अनुभव आहे.

या उसाचा आणि माझ्या धंद्याचा संबंध गेल्या काही वर्षांत फार जवळचा झाला आहे. मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं, ते तेल कंपन्यांकडे जातं आणि पेट्रोलमध्ये मिसळून आमच्याच पंपांवर परत येतं. २००१ साली याचा पहिला प्रयोग झाला तो मिरज, मनमाड अशा मोजक्या ठिकाणी. तेव्हा पाच टक्के होतं, आता वीस टक्के आहे. शेतकऱ्याच्या बाजूने मी याला वाईट म्हणणार नाही, माझ्या भावाचाही ऊस आहे. पण ९८ साली बनलेल्या गाडीचे रबरी पाइप, डायफ्राम आणि पॅकिंग वीस टक्क्यांसाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज पळणाऱ्या गाडीला त्याचा फारसा त्रास नाही. दारात झाकून ठेवलेल्या गाडीला आहे, आणि आज मी निघालो होतो तो अशाच एका गाडीकडे.

साडेनऊ

दौंडात नुसतं 'गाडी' म्हटलं तर लोकांना रेल्वेच आठवते. इंग्रजांच्या कागदांतलं हे 'धोंड' जंक्शन, इथूनच मनमाडकडे फाटा फुटतो. गाडीचे मालक, काका, त्याच रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शिस्त गेलेली नाही. मी दारात गाडी लावली तेव्हा त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"साडेनऊ म्हणाला होतात. राइट टाइम."

मारुती आठशे पांढरी. दौंडची असून नंबर एमएच १२, कारण ती घेतली तेव्हा बारामतीचं ४२ अजून यायचं होतं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ग्राहकाच्या हाती गेली, त्यानंतर पंधरा वर्षांनी काकांनी ही घेतली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. इंजिनाच्या डोक्यावर चेन्नईच्या युकॅलने बनवलेला मिकुनी धाटणीचा दोन घशांचा कार्बोरेटर. दोन वर्षं थांबले असते तर त्यांना इंजेक्शनवाली मिळाली असती आणि मला आजचं काम मिळालं नसतं.

चहाबरोबर काकांनी एक लांबट वही पुढे केली. गार्डच्या जर्नलसारख्या रेघा मारलेल्या. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर. लिटरला अठराचं ॲव्हरेज चार वर्षांत सोळा, पंधरा करत बारावर आलेलं. मधे मधे लाल शाईत लिहिलेलं: 'कार्बो. साफ.' मी मोजलं, सात वेळा. प्रत्येक सफाईनंतर दोन-तीन आठवडे आकडा किंचित वर जातो आणि पुन्हा घसरतो. शेवटची नोंद गेल्या महिन्यातली: 'पीयूसी नापास. सीओ ५.२.' बीएस-दोनच्या आधीच्या चारचाकीला तीन टक्क्यांपर्यंत सूट आहे. काकांची गाडी त्याच्याही बरीच वर होती.

गिऱ्हाईक अशी वही ठेवत असेल तर मेस्त्रीचं निम्मं काम झालेलं असतं. या वहीत रोगाचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं.

दहा

नवा कार्बोरेटर पिशवीत असला तरी जुना उतरवायची घाई करायची नाही. आधी खात्री, मग पाना.

थंड इंजिन चोक ओढून सुरू केलं. लागलं, पण उभ्या जागी वर-खाली करायला लागलं. आठशे, बाराशे, सातशे, पुन्हा हजार. चोक आत सारला की बंद. रेस मारली की आधी एक गचका, मग काळा धूर. मी गाडी बंद केली आणि प्लग, तारा, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, पॉइंट एकेक करून बघून घेतले. पॉइंटचं अंतर थोडं कमी होतं, ते लावलं. फरक पडला नाही. तिन्ही प्लग काजळीने काळे. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पण उभ्या गाडीचं हे वर-खाली होणं तर हवा जास्त जाते तेव्हाचं लक्षण. एकाच गाडीत दोन उलट्या तक्रारी.

मग गाडी पुन्हा सुरू करून काकांना धरून ठेवायला सांगितलं, मी क्लीनरचा स्प्रे घेतला आणि थ्रॉटलचा शाफ्ट जिथे कार्बोरेटरच्या अंगातून बाहेर येतो, तिथे नेम धरून अगदी थोडा मारला. इंजिनाचा आवाज तत्काळ बदलला, एकदम सावरला आणि पुन्हा ढासळला. म्हणजे त्या फटीतून ते चोरून हवा ओढत होतं, आणि मी दिलेला स्प्रेसुद्धा त्यातूनच आत गेला. तळाच्या पॅकिंगवर मारून बघितलं, तिथे काही नाही. एका व्हॅक्यूम पाइपच्या टोकाला मात्र बारीक चीर होती. तो पाइप वेगळा बदलायचा.

"सापडलं?" काकांनी विचारलं.

"जागा सापडली. कारण बाहेर काढल्यावर दाखवतो."

हे काम अंगणात करायचं होतं. गेटपाशी बिडी ओढत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना काकांनीच दूर पाठवलं. ओलं पोतं आणि वाळूची बादली हाताशी ठेवली. बॅटरीची निगेटिव्ह काढली. एकदा ठिणगी उडालेली मी पाहिली आहे, तेव्हापासून हे तीन सोपस्कार चुकवत नाही.

सव्वाअकरा

उतरवण्याच्या कामात सांगण्यासारखं थोडंच असतं. एअर क्लीनरचा डबा, चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, सॉलेनॉइडची वायर, पेट्रोलचे पाइप. प्रत्येक पाइपला मी रंगीत दोरा बांधतो. पूर्वी लक्षात राहायचं.

तळाचे नट जुने आणि गंजलेले. पेट्रोल जवळ असताना गॅसने तापवायचं नाही, म्हणून रॉकेल सोडून वीस मिनिटं वाट बघितली. एक नट तरीही हटून बसला. जोर लावला असता तर स्टड तुटला असता, आणि स्टड तुटला की दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. पान्याला हळूच आवळण्याच्या दिशेने झटका दिला, मग सोडण्याच्या. चौथ्या वेळी 'टक्' झालं. तो आवाज ऐकून काकांनीही श्वास सोडला.

कार्बोरेटर उचलला आणि दुसऱ्याच क्षणी मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ सुती फडकं कोंबलं. हे मी कधीच विसरत नाही, कारण एकदा विसरलो होतो. तेवीस वर्षांचा होतो, एका ॲम्बेसेडरवर काम करत होतो. हातातून एक वायसर सुटला, मॅनिफोल्डमध्ये 'टिणिंग' करून गेला आणि आत शांत झाला. चुंबक घातला, तार घातली, देव आठवले. शेवटी हेड उतरवावं लागलं. गिऱ्हाइकाकडून मी त्या दिवसाचे पैसे मागितले नाहीत, आणि वस्तादांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

साडेबारा

ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून जुना कार्बोरेटर उघडला. या तासासाठीच मी इतक्या लांब आलो होतो, नाहीतर बसवायचं काम दौंडातही कुणी केलं असतं.

काकांना आधी साधं दाखवलं. घरात पूर्वी डासांसाठी फ्लिटचा पंप असायचा ना, हवा जोरात पुढे ढकलली की डब्यातलं औषध आपोआप वर ओढलं जाऊन तुषार व्हायचे? कार्बोरेटरचा घसा मध्यावर अरुंद केलेला असतो तो त्यासाठीच. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून उडून हवेत मिसळतं. किती मिसळायचं याचं माप पितळेच्या जेटच्या भोकात. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. सगळा खेळ या मापाचा. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एक फ्लोट, दोन झडपा, काही भोकं.

वाटीचं झाकण काढलं. तळाशी पांढरी भुकटी, आणि पेट्रोलखाली काचेच्या मण्यासारखे पाण्याचे तीन थेंब. चमच्याने उचलता येतील असे.

"पाणी? पेट्रोलमध्ये?"

"गाडी किती दिवस उभी असते, काका?"

"नातवंडं येतात तेव्हा काढतो. नाहीतर सिद्धटेकला चतुर्थीला."

भीमेपलीकडचं सिद्धटेक, म्हणजे महिन्यातून एक फेरी. मधल्या दिवसांत पेट्रोल उडून जातं, पाणी आणि डिंक मागे राहतात.

मग फ्लोटची सुई. रबरी टोकावर भोवताली गोल खाच पडलेली. ती सुई जागेवर बसते, पण पुरती बंद होत नाही. वाटी भरून वाहते आणि जादा पेट्रोल घशात उतरतं. एवढंच असतं तर किट टाकून भागलं असतं.

त्यानंतर मुख्य जेट मी उजेडाकडे धरला आणि काकांच्या हातात वाचायचं भिंग दिलं. भोक गोल राहिलं नव्हतं. एका बाजूला ओरखडा, दुसऱ्या बाजूला अंडाकृती फाट. कुणीतरी सफाई करताना आत तार घातली होती, एकदा नव्हे, अनेकदा. पितळ मऊ असतं. जेटच्या भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजतात, तिथे तार घालून कोरलं की माप कायमचं गेलं. जेटला फक्त द्रावण आणि हवा. तार घालणाऱ्याला मी मेस्त्री म्हणत नाही.

आणि शेवटी शाफ्ट. मी काकांचा अंगठा आणि बोट त्यावर ठेवलं.

"हलवा."

हललं. केसाच्या जाडीएवढंच, पण त्यांच्या गार्डाच्या हाताला ते लगेच कळलं. "ढिला आहे," ते म्हणाले. पितळी शाफ्टवर दोन्ही टोकांना चकचकीत अर्धचंद्र उमटले होते, आणि तो ज्या भोकात फिरतो ते ॲल्युमिनियमचं भोक लांबट झालेलं. पंचवीस-सव्वीस वर्षं ॲक्सिलरेटरची केबल एकाच दिशेने ओढत राहिली, त्या ओढीने ते असं झिजवलं. त्या फटीतून हवा आत शिरते. माप न केलेली, कुठल्याही जेटला माहीत नसलेली हवा. म्हणून गाडी उभी असताना वर-खाली. मग आलेल्या प्रत्येक माणसाने काय केलं? आयडलिंग बसत नाही म्हणून मिक्स्चरचा स्क्रू उघडून पेट्रोल वाढवलं. दुसऱ्याने जेट कोरला. तिसऱ्याने पुन्हा स्क्रू उघडला. हवा चोरली जाते म्हणून पेट्रोल ओतायचं, आणि त्याला सफाई म्हणायचं. लाल शाईतल्या त्या सात नोंदींचा हा हिशेब होता.

शाफ्टला लेथवर नवा बुश करून बसवता येतो, खोटं कशाला सांगू. पूर्वी आम्ही करायचो. पण ते भोक दोन्ही बाजूंनी एका रेषेत कोरणारा कारागीर आता शोधावा लागतो, आणि जेट, सुई, डायफ्राम वेगळे घ्यायचे. बेरीज नव्या कार्बोरेटरच्या जवळ जाते. झिजलेलं अंग धुऊन भरून येत नाही. काकांनी मान हलवली आणि जेट खिशात टाकला. नातवाला दाखवायला, म्हणाले.

दोन

काकूंनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. जेवताना कार्बोरेटरचा विषय काढायचा नाही, असा काकूंचा हुकूम होता. तो दोन वेळा मोडला.

अडीच

बसवताना उलट क्रम. मॅनिफोल्डचा माथा जुन्या पॅकिंगपासून ब्लेडने सपाट केला, फडकं अगदी शेवटी काढलं आणि आत टॉर्च मारून बघितलं. खालचं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग नवं, दोन्ही बाजूंची कागदी पॅकिंग नवी. इथे कंजुषी केली की नव्या कार्बोरेटरलाही जुनीच बाधा होते. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. एकच नट पहिल्यांदा दाबून आवळला तर तळ वाकतो.

सगळे पेट्रोलचे पाइप नवे, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे. चीर पडलेला व्हॅक्यूम पाइप बदलला. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून काढलं आणि फिल्टर बदलला, नाहीतर तीच भुकटी आठवड्यात नव्या वाटीत. दोरे बघत बघत एकेक पाइप जागेवर गेला. एक दोरा उरला. दोन मिनिटं माझा जीव खालीवर झाला, मग कळलं की तो एअर क्लीनरच्या डब्याच्या पाइपचा. डबा अजून लावायचाच होता.

साडेतीन

किल्ली फिरवली, सॉलेनॉइडने 'टिक्' केलं. पंपाने रिकामी वाटी भरेपर्यंत स्टार्टर थोडा जास्त मारावा लागला. वाटीच्या काचेच्या डोळ्यातून पेट्रोलची पातळी वर चढताना दिसली आणि खुणेच्या मध्यावर येऊन थांबली. सुई बसली. मग चोक, आणि लागली. घशात डोकावून ॲक्सिलरेटर दाबला तर पेट्रोलची बारीक पिचकारी सरळ उडाली.

दहा मिनिटं तापू दिली. चोक आत. आयडलिंग स्क्रूने नऊशेच्या आसपास आणलं, मग मिक्स्चरचा स्क्रू. आवळत जायचं तोवर जोवर इंजिन अडखळत नाही, मग उघडत जायचं तोवर जोवर ते सर्वांत जास्त फिरत नाही, मग किंचित मागे. पुस्तकातल्या मापापेक्षा मी पाव फेरा जास्त उघडा ठेवला. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून तेच जेट आजच्या पेट्रोलवर जरा कोरडं मिश्रण देतात. कंपनीने ही गाडी बनवली तेव्हा हे पेट्रोलच नव्हतं, तर पुस्तक तरी काय करणार?

आवाज एकसारखा झाला. तीन सिलिंडरच्या इंजिनाला उभ्या जागी एक बारीक थरथर असतेच, ती राहिली. काकांनी डॅशबोर्डवर चहाचा अर्धा भरलेला कप ठेवला आणि बघत राहिले. चहा हलला, सांडला नाही.

साडेचार

पीयूसीच्या टपरीवर त्याच मुलाने नळी घातली, ज्याने महिन्यापूर्वी नापास केलं होतं. सीओ १.४. हायड्रोकार्बनही मर्यादेच्या बरंच खाली. "काय केलं?" त्याने विचारलं. "कार्बोरेटर बदलला." "साफ नाही केला?" काका मोठ्याने हसले.

गाडी जुनी म्हणून हे सर्टिफिकेट सहाच महिन्यांचं. तिथून कुरकुंभच्या दिशेने पाच-सहा किलोमीटर फिरवून आणली. चढावर पिकअपला गचका नाही. परत येऊन एक प्लग काढून बघितला. काजळी जळायला सुरुवात झाली होती, पण खरा रंग दोन-तीनशे किलोमीटरनंतर कळेल. विटकरी-तपकिरी आला तर ठीक, पांढरा आला तर मला फोन करा, असं सांगितलं.

सहा

पैशांचं बोलणं पाच मिनिटांत उरकलं. कार्बोरेटर सहा हजारांच्या आत-बाहेर, पाइप, पॅकिंग, फिल्टर आणि माझी मजुरी. मजुरी कमी करा असं काकूंनी एकदा म्हणून पाहिलं, काकांनी डोळ्यांनीच अडवलं. त्यांनी वही काढली, तारीख आणि किलोमीटर टाकले आणि लाल शाईऐवजी निळ्या शाईत लिहिलं: 'कार्बो. नवा.' मी खाली लिहायला लावलं: 'उभी ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर.'

परतताना पारगावच्या पुलावर अंधार पडला. ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, म्हणून हळू आलो.

साडेआठ

पोऱ्याने दुकान झाडून ठेवलं होतं आणि टायमिंगच्या कामाला हात लावला नव्हता. जुना कार्बोरेटर काकांनी मला दिला होता. त्याचं वरचं झाकण, चोकची पाती आणि दोन चांगले स्क्रू वेगळे ठेवले, बाकीचं भंगारात. अशा वस्तू आता जपाव्या लागतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर बहुतेक नव्या दुचाक्याही इंजेक्शनवर गेल्या. माझ्या पोऱ्याच्या हाताखाली आणखी पंधरा वर्षांनी जो मुलगा येईल, त्याला कार्बोरेटर चित्रातच बघावा लागेल असं मला वाटतं. काही लोकांना याचं फार दुःख होतं. मला तितकंसं नाही, मात्र तोवर ज्यांच्या दारात या गाड्या आहेत त्यांचं काम नीट व्हायला हवं.

कुलूप लावताना फोन वाजला. उद्या सकाळी तळेगाव ढमढेऱ्याहून एक ओम्नी येणार आहे. "कार्बेटर साफ करायचाय," पलीकडचा माणूस म्हणाला.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर कृपा करून मेस्त्रीला काय करायचं ते सांगू नका, गाडी काय करते ते सांगा. थंड असताना बंद पडते की तापल्यावर. उभी असताना वर-खाली करते की पिकअपला अडखळते. ॲव्हरेज कधीपासून उतरलं. जमलं तर काकांसारखी एक वही ठेवा. आणि कुणी जेटमध्ये तार घालताना दिसला, तर गाडी तिथून उचला.